चार डबे लांबून: एन स्केलच्या गाडीवर बारकावे किती घालायचे?

आमच्या शेजारी, खडकीत, एक निवृत्त गार्डकाका राहतात. आयसीएफ म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीचा, आपल्या नेहमीच्या गाड्यांचा डबा. त्याचं माझं पहिलं छोटं मॉडेल मी त्यांना दाखवायला घेऊन गेलो, तेव्हा त्या डब्यावर माझे अडीच महिने गेले होते. खाली बॅटरीची पेटी, ब्रेकचा सिलिंडर, त्याला जोडणाऱ्या दांड्या, सगळं तांब्याच्या तारेतून आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून हातानं केलेलं. काकांनी चष्मा लावला, डबा टेबलावर ठेवला, खुर्ची थोडी मागे ओढली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालाय रे. पण दारात कुणीच कसं नाही? आणि टप एवढा कोरा?"

डबा टेबलावर उभा राहिल्यावर माझ्या दांड्या कुठेच दिसत नव्हत्या. दिसत होता तो चकचकीत, एकरंगी टप आणि चार बंद दारं. एवढ्या लहान मापात बारकावे किती घालायचे, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट केला. जे नव्यानं सुरुवात करताहेत त्यांचे महिने वाचावेत म्हणून तो इथे क्रमानं लिहितो आहे.

१. आधी मापाचा अंदाज येऊ द्या

एन स्केल म्हणजे १:१६०, खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या भागाएवढं मॉडेल, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. एचओ म्हणजे १:८७ आणि १६.५ मिलिमीटर. झेड त्याहून लहान, १:२२०. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एन का परवडतं, ते एका हिशेबात कळतं. आयसीएफचा डबा बफर (दोन्ही टोकांचे धक्के झेलणारे भाग) धरून साधारण २२.३ मीटर. सोळा डब्यांची गाडी एनमध्ये सव्वादोन मीटरच्या आत बसते, एचओमध्ये तिलाच चार मीटरहून जास्त जागा लागते.

एनमध्ये बफर सोडून डब्याच्या अंगाची लांबी १३३ मिलिमीटर, रुंदी जेमतेम २०, आणि माणूस एक सेंटिमीटरचा. दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही मापाचं भान वेगळं शिकवावं लागत नाही. बुरुजापेक्षा मोठा मावळा दारात ठेवला की काहीतरी चुकलंय हे लहानपणीही कळायचंच.

एक तडजोड सुरुवातीलाच मान्य करून टाका. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एनमध्ये साडेदहा मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातला रूळ ९ मिलिमीटरचा असतो, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवरून आला आहे. हा दीड मिलिमीटरचा फरक समोरून जाणवतो, बाजूनं जाणवत नाही. त्यासाठी रूळ हातानं घालायच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. गाडी बाजूनं दिसेल अशी मांडणी करा.

२. पाहण्याचं अंतर ठरवा आणि लिहून ठेवा

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

तुमची गाडी लोक किती अंतरावरून बघणार? टेबलावर मांडणी असेल आणि समोर खुर्ची असेल, तर डोळा गाडीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. या ६० सेंटिमीटरना १६० नं गुणा. उत्तर येतं ९६ मीटर. म्हणजे तुमच्या खुर्चीतून दिसणारी गाडी ही खऱ्या रुळापासून शंभरेक मीटरवर उभं राहून पाहिलेली गाडी आहे. शंभर मीटर म्हणजे साधारण चार डब्यांची लांबी आणि वर थोडं.

दुसरा हिशेब डोळ्याचा. निरोगी डोळ्याला जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसायला अंशाचा साठावा भाग एवढा कोन लागतो. ६० सेंटिमीटरवर तो कोन ०.१७ मिलिमीटर भरतो. एन स्केलच्या मापानं ते खऱ्या गाडीवरचे २८ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं. खुर्चीतून पाहताना, खऱ्या गाडीवर दोन बोटांहून बारीक असलेली वस्तू वेगळी अशी दिसत नाही. तिचा परिणाम मात्र दिसतो. हा भेद लक्षात ठेवा, तो पुढे खिडक्यांपाशी उपयोगी पडणार आहे.

फोटोसाठी कॅमेरा ३० सेंटिमीटरवर आणणार असाल तर मर्यादा अर्ध्यावर, चौदा मिलिमीटरवर येते. काच लावलेल्या कपाटात मागच्या फळीवर गाडी ठेवणार असाल तर ती वाढते. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर "६० सेंमी" एवढंच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. रात्री अकरा वाजता नवा बारकावा करायची हुक्की आली की आधी ते पान उघडतो.

३. चार डबे लांबून खरी गाडी बघा

आता घराबाहेर पडा. मळवली, कामशेतच्या बाजूला शेतांच्या कडेनं रस्ते आहेत, तिथून गाडी बाजूनं नीट दिसते. रुळांच्या हद्दीत जायची गरज नाही. उलट, आपल्याला लांबच राहायचं आहे. शंभर-सव्वाशे पावलं मोजा आणि वही घेऊन उभे राहा. लोणावळा लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या मिळून तासाभरात पुरेसं बघायला मिळतं.

माझ्या वहीतल्या एका सकाळच्या नोंदी अशा आहेत: डब्याखालचं सगळं एकच काळपट पट्टा, सुटं काही दिसत नाही. खिडक्यांची ओळ ठळक, आणि काही खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसतं. दारांत माणसं, त्यातला पांढरा शर्ट सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. दोन डब्यांमधली जागा काळी. टपाचा रंग डब्या-डब्याला वेगळा. अंगावर खालच्या बाजूला तांबूस धूळ, वर जाताना विरत गेलेली. खिडकीचे गज दिसत नाहीत. डब्याचा क्रमांक वाचता येत नाही, पण तिथे पांढरं काहीतरी लिहिलंय हे कळतं.

अडीच महिने घालवण्याआधी मी ही एक सकाळ घालवायला हवी होती.

दुसरी खेप स्टेशनवरच्या पादचारी पुलाची. टेबलावरची गाडी आपण नेहमी थोडं वरून पाहतो, त्यामुळे टप हा आपल्या गाडीचा चेहरा असतो. प्लॅटफॉर्मवर उभं राहून तो कधीच दिसत नाही. खडकी किंवा शिवाजीनगरच्या पुलावर दहा मिनिटं थांबा आणि फक्त टपांकडे बघा. हवेच्या झडपांच्या ओळी, मधोमध साठलेली काजळी, कडेला पावसाच्या पाण्यानं ओढलेले ओघळ. हे सगळं खालून गाडी पकडणाऱ्याला आयुष्यभर ठाऊक नसतं.

मांडणीच्या मागच्या भागासाठी भाज्याची लेणी चढताना पायऱ्यांवर मागे वळून बघा. तिथून गाडी म्हणजे एक रंगीत रेघ. खोलीच्या पलीकडच्या भिंतीलगत धावणाऱ्या गाडीला तेवढीच तयारी पुरते.

कोथरूडमधलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयही याच नजरेनं एकदा बघून या. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे छोटं शहर १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. खेळ सुरू असताना आपली नजर आधी कुठे जाते, नंतर कुठे जाते, एवढंच टिपा. बहुतेकांची नजर हालचालीकडे आणि दिव्यांकडे जाते. रिव्हेट मोजायला कुणी थांबत नाही.

४. पहिला डबा: टपापासून खाली या

सरावासाठी महागडं मॉडेल घेऊ नका. जुना, मार बसलेला एखादा डबा चालेल, तोही नसेल तर जाड कागदाचा करा. हत्यारं थोडीच लागतात: टोकदार चिमटा, कटर, बारीक पॉलिश पेपर, दोन चांगले ब्रश, फेविकॉल आणि सुपरग्लू. तांब्याची बारीक तार आणि छोटे एलईडी तापकीर गल्लीत, पितळी तार आणि हत्यारं बोहरी आळीत, कागद-रंग अप्पा बळवंत चौकात. एक शनिवार पुरतो.

टपाला आधी फिका करडा रंग द्या. रंग पातळ हवा, कारण ब्रशनं दिलेला जाड थर ०.१ मिलिमीटरचा झाला तरी तो खऱ्या डब्यावर १६ मिलिमीटर होतो. डब्यावर गिलावा केल्यासारखं दिसतं ते याचमुळे. दोन-तीन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. फवाऱ्याचा रंग वापरणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या दिवशी फवारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते आणि ती पुसून जात नाही. कोरड्या दिवसाची वाट पाहा, गॅलरीत फवारा, तोंडाला मास्क लावा.

मग धूळ. कोरड्या पेस्टल खडूंची भुकटी पॉलिश पेपरवर पाडायची: काळा, गडद तपकिरी, थोडा तांबूस. टपाच्या मधोमध काळपट, कडांना तपकिरी, आणि मऊ ब्रशनं वरून खाली ओढायचं, जसं पाणी ओघळतं तसं. डब्याच्या अंगावर खालच्या एक तृतीयांश भागात तांबूस भुकटी, दोन्ही टोकांना जरा जास्त. ती ब्रेकच्या घर्षणातून उडालेली लोखंडी धूळ असते. वरून मॅट वार्निश मारला की भुकटी निम्मी नाहीशी झाल्यासारखी वाटते, म्हणून आधी हवी त्याहून थोडी जास्त लावून ठेवा.

सोळाही डबे सारखे मळवू नका. एखादा नुकताच वर्कशॉपमधून आलेला दाखवा, त्याच्या शेजारी जुना. टपांतला हा फरक वीस सुट्या भागांपेक्षा जास्त काम करतो.

मूळ रंगाबद्दल एक सवय सांगतो. खऱ्या डब्याचा निळा किंवा जुना तांबडा जसाच्या तसा छोट्या डब्यावर दिला की तो गडद दिसतो. मी दहा भागांत एक भाग फिका करडा मिसळतो.

५. खिडक्या, दारं आणि माणसं

आपल्या साध्या डब्याची ओळख म्हणजे खिडकीचे आडवे गज. नव्या माणसाला पहिला मोह त्यांचाच होतो. गज १० मिलिमीटरचा धरला तर एनमध्ये तो ०.०६ मिलिमीटर होतो, म्हणजे डोक्याचा केस. एका डब्यावर असे शेकडो केस चिकटवायचे आणि ६० सेंटिमीटरवरून त्यातला एकही दिसायचा नाही. नवा माणूस केसांऐवजी जाड तार घेतो, आणि मग तुरुंगाची गाडी तयार होते.

इथे परिणाम करायचा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाला आतून अगदी पातळ करडा हात द्या. गज दिसत नाहीत, पण खिडकी उघड्या काचेसारखी स्वच्छही राहत नाही, थोडी अंधुक होते. लांबून खरी खिडकी अशीच दिसते. चार-पाच खिडक्या कोऱ्या सोडा, अधेमधे एखादी अर्धी बंद दाखवा. ही पट्टी सुपरग्लूनं चिकटवू नका, त्याच्या वाफेनं प्लॅस्टिक पांढरं पडतं. फेविकॉलचा बारीक थेंब पुरेसा आहे.

आतला भाग पोकळ ठेवा आणि फिका रंगवा. पुठ्ठ्याच्या पट्टीतून बाकांचा नुसता आकार काढला तरी चालतो. महत्त्वाचं हे की पलीकडच्या खिडकीतून उजेड आरपार आला पाहिजे.

आता दार. धारदार कटरनं एका बाजूचं एक दार कापून उघडं करा. आयसीएफचं दार आत उघडतं, त्यामुळे बाहेर काही लटकत नाही. दारातला माणूस विकत घ्यायला गेलात तर बहुतेक परदेशी कोट-टोपीतले मिळतील. त्यापेक्षा तांब्याच्या तारेवर एम-सीलची गोळी लावून स्वतः करा. एक सेंटिमीटरचा माणूस आहे, त्याला नाक-डोळे नकोत. लागते ती ढब. एक हात वर दांडीला, एक खांदा बाहेर, मान गाडीच्या दिशेला वळलेली. पांढरा शर्ट, गडद पँट, पाठीला काळी सॅक. मी असे सात केले तेव्हा आठवा जमला. पहिल्या सातांची पाठ ताठ होती, दारात उभा असलेला माणूस किंचित कललेला असतो.

खिडक्यांतल्या प्रवाशांसाठी एवढंही नको. आतल्या पट्टीवर खिडकीच्या उंचीला रंगांचे ठिपके द्या: पांढरा, जांभळा, पिवळा, मधेच एक भगवा. लांबून भरलेली गाडी दिसते.

६. डब्यांमधली जागा

आयसीएफचं अंग २१.३ मीटरचं आणि बफर धरून लांबी २२.३. म्हणजे दोन डब्यांच्या अंगांमधे जवळजवळ एक मीटर, एनमध्ये ६ मिलिमीटर. तयार कपलिंगमुळे हे अंतर बऱ्याचदा जास्त पडतं. काळ्या कागदाची बारीक घडी घालून मधला भाता करा आणि फक्त एकाच डब्याला चिकटवा. दोन्हीकडे चिकटवलात तर पहिल्याच वळणावर गाडी रूळ सोडेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सुटे डबे अचानक गाडी दिसू लागतात.

७. रूळ आणि खडी

गाडीवर सहा महिने आणि रुळावर एक संध्याकाळ, असा हिशेब मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. खरं तर रूळ हा मांडणीतला सगळ्यात लांब आणि कायम दिसणारा भाग.

मॉडेलच्या रुळाची उंची 'कोड'च्या आकड्यात सांगतात. एनमध्ये सर्रास मिळणारा कोड ८० चा रूळ २ मिलिमीटर उंच असतो. खऱ्या मापात ते ३२५ मिलिमीटर झाले. आपला मीटरला ६० किलो वजनाचा खरा रूळ आहे १७२ मिलिमीटर उंच. म्हणजे जवळजवळ दुप्पट. कोड ५५ घेतलात तर फरक बराच कमी होतो, पण जाड कडांची जुनी चाकं त्यावर अडखळू शकतात. नव्या माणसाला माझा सल्ला असा: कोड ८० च ठेवा आणि त्याच्या बाजू गंजाच्या मळक्या तपकिरी रंगानं रंगवा. वरचा माथा तेवढा लखलखीत. बाजू मळल्या की उंची डोळ्याला कमी भासते. स्लीपर काँक्रीटचे दाखवायचे असतील तर फिका करडा, मधोमध तेलकट काळपट झाक.

खडी आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची हवी. खऱ्या खडीचे तुकडे साधारण २० ते ६५ मिलिमीटरचे, म्हणजे एनमध्ये ०.४ मिलिमीटरच्या आत. बारीक रव्याहूनही बारीक. बांधकामावरून ओंजळभर क्रश सँड मागून आणा, पिठाच्या जुन्या चाळणीतून गाळा, खाली पडेल ते दोन-तीनदा पाण्यात धुवा म्हणजे नुसती पूड निघून जाते. वाळल्यावर कागदावर पसरून त्यातून चुंबक फिरवा. आपल्या काळ्या दगडात चुंबकाला चिकटणारे कण असतात, आणि तेच पुढे इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. माझ्या पहिल्या ओंजळीत चुंबकाला काळी मिशी आली होती.

खडी पसरा, ब्रशनं स्लीपरच्या माथ्यावरून झाडा, मग ड्रॉपरनं पाणी घातलेला फेविकॉल सोडा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असला की तो खडीत मुरतो, वर थेंब बनून राहत नाही. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस द्या.

ओव्हरहेड तारेबद्दल एवढंच सांगतो: खांब जरूर उभारा, तार पहिल्या वर्षी सोडून द्या. खऱ्या संपर्कतारेची जाडी बारा मिलिमीटरच्या आसपास, एनमध्ये पुन्हा तो केसच. शिवाय पडलेली गाडी उचलताना हात त्यात अडकतो.

८. इंजिन: इथे थोडं सैल सोडा

दोन बोटांच्या नियमाला एक अपवाद आहे. गडद पार्श्वभूमीवर एकच फिकी रेघ असेल तर डोळा ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा बारीक असली तरी पकडतो. इंजिनाच्या बाजूचे कठडे असेच असतात. घोरपडीच्या डिझेल शेडमुळे पुणेकरांना अल्को या अमेरिकन कंपनीच्या बनावटीच्या डिझेल इंजिनांचा लळा आहे. त्यांतलं डब्ल्यूडीएम-२ एनमध्ये १०७ मिलिमीटरचं होतं, आणि त्याच्या बाजूनं जाणारा कठडा ३२ मिलिमीटरचा धरला तर ०.२ मिलिमीटरचा. साच्यातून आलेला कठडा बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट जाड असतो. तो खरवडून काढा आणि ०.२ ची पितळी तार बसवा. कष्ट आहेत, पण हे ६० सेंटिमीटरवरून दिसतं.

तार बसवण्याआधी इंजिन तुम्ही कुठे धरता ते बघा. रुळावर ठेवताना अंगठा आणि तर्जनी जिथे पडते तिथे नाजूक काही नको. माझा एक सुंदर कठडा तिसऱ्या दिवशी माझ्याच अंगठ्याखाली वाकला. आता मी इंजिनाच्या मधोमध दोन बोटांची जागा मोकळी सोडतो, कठडा तिथे साच्यातलाच राहू देतो.

बफर, नळ्या, पायऱ्या बसवल्यावर दर वेळी सगळ्यात आवळ वळणावरून गाडी पुढे-मागे फिरवून बघा. घाटातल्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावायची हौस असेल तर हे फारच गरजेचं. ढकलताना दोन बफर एकमेकांत अडकले की पूर्ण गाडी आडवी होते. बारकाव्यानं चालणं बिघडत असेल तर बारकावा काढून टाका.

९. अक्षरं

घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर (छापलेलं पाण्यात सोडवून डब्यावर चिकटवायचा कागद) अक्षराभोवतीची जागा डब्याच्या रंगात छापायची आणि अक्षर कोरं सोडायचं. वाचता आलं नाही तरी चालेल. रेघेची जागा आणि लांबी बरोबर हवी.

१०. परकी नजर

डबा झाला की ठरलेल्या अंतरावर ठेवा आणि या छंदातल्या नसलेल्या कुणाला तरी बोलवा. काही समजावून सांगू नका. तो माणूस पहिल्या मिनिटात जे बोलेल ते वहीत लिहा, पुढचं काम तेच. तो काहीच न बोलता गाडी कुठे निघाली आहे असं विचारू लागला, तर त्या डब्यावर आणखी काही करू नका. तारीख टाका, दुसरा डबा घ्या.

मागच्या महिन्यात गार्डकाकांना पुन्हा बोलावलं. आता सहा डबे आहेत, टप मळलेले, तिसऱ्या डब्याच्या दारात तो पांढऱ्या शर्टातला. काका खुर्चीत बसले, गाडी दोनदा समोरून जाऊ दिली. मग म्हणाले, "शेवटच्या डब्याला लाल दिवा लाव. त्याशिवाय मागच्याला कसं कळणार, गाडी पुरी गेली की नाही?" तापकीर गल्लीतून आणलेला एलईडी टेबलावर आहे, आज रात्री बसवतो.